मावशीची रवानगी

"भूल द्यायची नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकोणीस वर्षांची आहे ती. हृदय दमलंय. झोपवली तर उठायची नाही."

"मग न्यायची कशी?" साहेबांनी विचारलं.

"चालत. स्वतःच्या पायांनी पेटीत जाईल तर जाईल."

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी बादली विसळत होतो. विसळून झाली होती, तरी विसळत होतो, कारण साहेबाने पाहिलं म्हणून आपण लगेच वर पाहायचं नसतं, एवढं मी नोकरीत शिकलो आहे.

"तुमचं ऐकते ना ती?" साहेब म्हणाले.

"ऐकत नाही. मी पुढे काय करणार ते तिला माहीत असतं, एवढंच."

"एकच झालं."

एकच नव्हतं, पण मी वाद घातला नाही.

ती म्हणजे आमची तरस. पुढचे पाय उंच, मागचे आखूड, त्यामुळे कायम चढ चढत असल्यासारखी दिसायची. प्राणिसंग्रहालयात आलेली माणसं वाघाकडून माकडांकडे जाताना तिच्यासमोर घटकाभर थांबत, "शी, काय ध्यान आहे!" म्हणत आणि पुढे जात. पिल्लू म्हणून आली तेव्हा मी तिला पोरगी म्हणायचो. पुढे बाई म्हणू लागलो. गेली सात-आठ वर्षं मावशी. मुकादम रोज सकाळी विचारायचा, "काय, मावशी बरी आहे ना? भाच्यावर खूश आहे ना?" विनोद रोज तोच आणि हसणाराही रोज तो एकटाच.

प्राणिसंग्रहालय नव्याने बांधायला काढलं त्याला दोन वर्षं होत आली होती. फाटकापाशी भलामोठा फलक लागला होता. त्यावर हिरवळीवर लोळणारा वाघ होता आणि काचेला नाक लावून हसणारी मुलं होती. साहेबांनी आम्हा सगळ्यांना बोलावून सांगितलं, की यापुढे पिंजरा म्हणायचं नाही, अधिवास म्हणायचं. मुकादमाने हात वर करून विचारलं, "साहेब, अधिवास रोज धुवायचा की दिवसाआड?" त्या दिवशी मात्र सगळे हसले.

जुने पिंजरे एकेक करून रिकामे होत होते. पिंजरा रिकामा झाला की भिंतीवर लाल रंगाने आकडा पडायचा आणि आठवड्याभरात तिथे नुसती माती उरायची. वाईट झालं असं मी म्हणणार नाही. नव्या जागेत सोडलेला वाघ दोन दिवस गवतावर पाय ठेवायला तयार नव्हता. तिसऱ्या दिवशी असा लोळला की मी दुपारचा डबा तिथेच उभ्याने खाल्ला. पण आराखड्यात तरस नव्हती. मावशीच्या पिंजऱ्याच्या जागी कॉफीचं दुकान व्हायचं होतं. दोन दिवसांच्या वाटेवर असलेल्या एका प्राणिसंग्रहालयाने तिला घ्यायचं कबूल केलं होतं. तिथे मोकळी जागा होती, दोन झाडं होती, पायाखाली खरी माती होती. मावशीच्या पायाखाली एकोणीस वर्षं फरशी होती.

मला काय वाटतं, हे जो तो विचारत होता. मला काही वाटत नव्हतं. वाईट वाटायला हवं हे कळत होतं, पण आत हात घालून पाहिला तर काही लागत नव्हतं.

मी एकच मागितलं. गाडीत बरोबर मी जाणार आणि आठ दिवस तिथे राहणार. नव्या माणसाच्या हातचं ती खायला लागली की परत येणार.

"जायलाच हवं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वाटेत घाबरली, धाप लागली, तर मला काहीएक करता येणार नाही. ओळखीचं माणूस जवळ असलं तर तगेल."

पेटी आली. जाड लाकडाची, लोखंडी पट्ट्या मारलेली, एका बाजूला वरून खाली पडणारं दार. पिंजऱ्याच्या पुढच्या भागाला एक लहान दार होतं, त्याला ती चिकटवून बसवली. पेटीचं दार वर ओढून दोर बांधून ठेवला आणि मी मांस पेटीच्या तोंडाशी ठेवायला लागलो. दुसऱ्या दिवशी वीतभर आत. मग आणखी वीतभर. पहिले तीन दिवस मावशी उपाशी राहिली. चौथ्या दिवशी मान लांब करून तुकडा ओढून नेला. बाराव्या दिवशी ती अख्खी पेटीत शिरून, माझ्याकडे पाठ करून, निवांत हाड फोडत बसली. मागून कडाकडा आवाज येत होता. तरस कुणाकडे पाठ करून खात नाही.

साहेब म्हणाले, "एकदा दार पाडून पाहू या ना. सराव होईल."

"एकदा पडलं की संपलं, साहेब. पुन्हा ती पेटीकडे बघायची नाही. एकदाच पाडायचं."

इथे दाराबद्दल सांगायला हवं. आमच्या जुन्या पिंजऱ्यांची सगळीच दारं अशी, दोराने वर ओढायची, सोडली की धाडकन खाली. नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्या हातून असं एक दार कोल्ह्याच्या पायावर पडलं. त्याची दोन बोटं गेली. मला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्याला आम्ही उस्ताद म्हणायचो. त्याने मला शिवीसुद्धा दिली नाही. किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "दार सोडायच्या आधी गजावर दोनदा ठोकायचं. तीन आकडे मोजायचे. मग सोडायचं. आत कुणी नसलं तरी ठोकायचं."

तेव्हापासून ठोकत आलो. मावशी तर त्या आवाजावरच वाढली. दोन ठोके पडले की ती जिथे असेल तिथून उठायची आणि मागच्या कोठडीत जाऊन बसायची. मग मी दार पाडायचो आणि पुढचा भाग धुवायचो. एकोणीस वर्षांत तिच्या अंगाला दार लागलं नाही. घरी कपाट लावताना बायको म्हणायची, "ठोका आधी, साड्या बाजूला होतील."

निघायच्या आदल्या संध्याकाळी तीच बायको माझी पिशवी भरत होती. दोन सदरे, टॉवेल, गोळ्या.

"अहो, काही बोला तरी," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"सासूबाई गेल्या तेव्हाही असंच. तिसऱ्या दिवशी डबा मागून कामावर गेलात."

"मग? जनावरं उपाशी ठेवायची?"

पिशवीत एक स्वेटर घालत ती म्हणाली, "ती तरी ओळखते ना तुम्हाला? मला अजून जमलेलं नाही." हे ती रागाने म्हणाली नाही.

सकाळी सातला गाडी आली. साहेब, डॉक्टरीणबाई, मुकादम आणि पेटी उचलणारी माणसं भिंतीमागे उभी राहिली. कुणी खोकायचं नाही, असं मी सांगून ठेवलं होतं. मी एकटा पेटीपाशी, दोर सैल करून हातात धरलेला. मांस पार आतल्या टोकाला. मावशी आली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग पेटीत शिरली. शेपूट आत गेली. हाड फुटल्याचा आवाज आला.

आता सोडायचं. उजव्या हातात दोर होता. आणि माझ्या डाव्या हाताने कमरेचा जुडगा काढून गजावर दोनदा ठोकलं.

मला सांगता येणार नाही की मी ठोकलं. हाताने ठोकलं. मी एक, दोन, तीन मोजलेसुद्धा. तोवर मावशी शहाण्या बाईसारखी पेटीतून मागच्या मागे बाहेर आली, वळली आणि कोठडीत जाऊन बसली.

भिंतीमागून साहेबांचा दबका आवाज आला. "अहो, काय केलंत हे! बारा दिवस घालवलेत!"

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. मुकादम माझ्याकडे पाहतही नव्हता, विनोद तर दूरच. मी तसाच उभा राहिलो. ठोकल्यावर दार पडायला हवं, म्हणून रिकाम्या पेटीचं दार खाली सोडलं. धाड! मग पुन्हा वर ओढलं. हेही सवयीनेच.

"आता?" साहेब म्हणाले. "गाडी परत पाठवू?"

"थांबा जरा."

दहा मिनिटं गेली असतील. कोठडीच्या दारातून मावशीचं नाक दिसलं, मग डोकं. ती सावकाश चालत पेटीपाशी आली. तिच्या दृष्टीने काही बिघडलंच नव्हतं. ठोकलं, ती बाजूला झाली, दार पडलं, दार उघडलं. रोजच्यासारखं. राहिलेलं खाणं संपवायला ती पेटीत शिरली आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

ती परत आली नसती तर फार बरं झालं असतं. हे मला तेव्हाच वाटलं, दोर हातात असताना. तिला न्यायचं ठरल्यापासून काही वाटलेलं हे पहिलंच.

मी जुडगा काढून मातीत ठेवला. मोजलं नाही. दोर सोडला.

दार तिच्या मागे चार बोटांवर पडलं. तिला लागलं नाही, मी नजरेने मापून ठेवलं होतं. ती जागच्या जागी गर्रकन फिरली. पेटी हादरली. मग आतून काहीच आवाज येईना, म्हणून मी फटीला डोळा लावला.

मावशी अगदी पलीकडच्या टोकाला पाठ टेकून उभी होती आणि तिच्या पाठीवरची सगळी आयाळ उभी राहिली होती. तरस घाबरली की आयाळ फुगवते, दुप्पट मोठी दिसते. मी ते पाहिलं होतं. ढग गडगडले तेव्हा, एका दारुड्याने बाटली फेकली तेव्हा, समोरचा पिंजरा यंत्राने पाडला तेव्हा. त्या प्रत्येक वेळी मी "मावशी, मी आहे ना" म्हटलं की ती खाली बसायची. आता तिच्यासमोर फक्त मीच होतो.

"मावशी," मी म्हणालो. "मी आहे ना."

तिने दात दाखवले.

माणसांनी पेटी गाडीवर चढवली. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "जमवलंत हो शेवटी!" त्यांचा चेहरा खरोखर उजळला होता. माणूस वाईट नाही. डॉक्टरीणबाई गाडीवर चढून पेटीच्या फटीतून तिचा श्वास मोजत होत्या. मीही चढलो आणि मांसाचा तुकडा फटीतून आत धरला. आतून आलेला आवाज मी एकोणीस वर्षांत ऐकला नव्हता.

"जरा खाली उतरता का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी उतरलो. त्यांनी घड्याळ पाहून पुन्हा मोजलं. मग म्हणाल्या, "पुन्हा या."

मी पुन्हा चढलो. त्यांनी पुन्हा मोजलं आणि घड्याळावरून नजर वर केलीच नाही.

"तुम्ही आलात की वाढतो," त्या हळूच म्हणाल्या. "बराच वाढतो. गेलात की कमी होतो."

"दोन दिवस तगेल असं?"

त्यांनी मान हलवली. होकाराची नव्हती.

मुकादम खाली उभा होता. मी त्याला म्हटलं, "तू जा गाडीत."

"मी? अरे, मी कधी तिला पाणीसुद्धा दिलं नाही. मला ओळखत नाही ती."

"म्हणूनच जा. पाणी दोन-दोन तासांनी दे. फटीवरचं गोणपाट काढू नकोस. खाल्लं नाही तर मागे लागू नकोस. आणि तिला मावशी म्हणू नकोस."

"का?"

"माझा शब्द आहे तो. तिला माझा आवाज आठवेल."

मी त्याच्या हातात माझी पिशवी दिली. स्वेटर त्याला बसणार नव्हता, पण रात्री थंडी असते. तो ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.

साहेब म्हणाले, "गाडी सुटेपर्यंत थांबा तरी. निरोप द्या तिला."

मी गाडीपासून वीस पावलांवर उभा होतो. आत डॉक्टरीणबाई अजून मोजत होत्या. "खाली येत नाही," त्या म्हणाल्या. "अजून उभीच आहे." पहाटेपासून वारा सुटला होता आणि तो माझ्या पाठीवर लागत होता. तरसाचं नाक फार तीक्ष्ण असतं. भिंतीपलीकडे कोण उभं आहे, हे तिला माणूस दिसायच्या आधी कळतं.

मी तिथून निघालो. "अहो, कुठे चाललात?" असं साहेब म्हणाले, पण थांबलो नाही. पाडलेल्या पिंजऱ्यांच्या मातीवरून मोठा वळसा घेतला आणि गाडीच्या पार पलीकडे, वारा तोंडावर येईल अशा बाजूला, पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभा राहिलो. तिथून गाडी दिसत नव्हती, पेटी दिसत नव्हती.

बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाईंचा आवाज ऐकू आला. "बसली. बसली हो. निघा आता."

गाडी सुरू झाली. वाऱ्याबरोबर मावशीचा वास आला, उग्र, जो आला की लोक नाक धरायचे तोच. मी टाकीला टेकून तो घेत राहिलो. गाडी फाटकातून वळली तसा तो पातळ होत गेला, आणि मग नुसता डिझेलचा वास येत राहिला.