लांब टेबल

चार भोकांचं तपकिरी बटण उडून नेमकं तिच्या हातातल्या फॉर्मच्या चौदाव्या प्रश्नावर पडलं, दोनदा स्वतःभोवती फिरलं आणि 'नाही'च्या चौकोनावर आडवं झालं. तिनं ते झटकलं नाही. झटकायला हात उचलावा लागला असता… समोर कात्रीमावशी एका जुन्या कोटाची बटणं काढत होती, न बघता, आणि सुटलेलं प्रत्येक बटण आपसूक टोपलीत पडत होतं. हेच एक चुकार निघालं. गोदामात जुन्या कपड्यांचा तोच वास होता, जो आयुष्यभर आईच्या हातांना होता. एकशे एकोणचाळीस फॉर्म भरून झाले होते. मावशीचा शेवटचा.

टेबलावरच्या बायका तिला प्रश्नवाली म्हणत. तोंडावर म्हणत. "आली गं प्रश्नवाली, काढा आपापली दुःखं बाहेर," असं कोणीतरी म्हणायची आणि सगळं टेबल हसायचं. आज कोणी म्हणालं नव्हतं. आईची जागा तेवढी रिकामी होती, म्हणून ती तिथंच बसली होती; आईची टोपलीही समोर तशीच होती, रिकामी, एका कडेला सुतळीनं सांधलेली.

"मावशी, हा चौदावा. मन जड झालं की मोकळेपणी बोलता येईल असं तुम्हाला कोणी आहे का?"

"बोलायचं कुणाशी, बाई?" मावशीनं कोट उलटा केला. "कोणी नाही."

घरी हत्ती पाळलाय का, असं विचारल्यावर द्यावं तसं उत्तर. एकशे एकोणचाळीस जणींनी हेच दिलं होतं, याच सुरात, आणि तिनं एकशे एकोणचाळीस वेळा खूण केली होती. प्रश्न बाहेरून छापूनच आले होते. आम्ही पाहणीवाल्यांनी फक्त भाषा बदलली. प्रशिक्षणात सांगितलं होतं, समोरचा देईल ते उत्तर लिहायचं, आपल्या मनातलं नाही. बरोबरच आहे म्हणा. पण मला ठाऊक होतं ना… मी याच टेबलाखाली वाढले.

बाबा गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. चौथ्या दिवशी आई कामावर आली, कारण घरी बसून चूल पेटत नाही, आणि या जागेवर बसून दोन्ही हात टेबलावर ठेवून राहिली. कात्री हातात होती, चालत नव्हती. टेबलाखाली चिंध्यांवर बसलेल्या मुलीला वरचं काही दिसायचं नाही, नुसते पाय दिसायचे. पण एकदा पेन्सिल शोधायला ती उठली तर डावीकडून एक हात आला, आईच्या ढिगातला सदरा ओढून घेऊन गेला, मग उजवीकडून दुसरा… कोणी आईकडे बघत नव्हतं. कोणी रडू नको म्हणालं नाही, धीर धर म्हणालं नाही. मागच्या बाजूला कुठल्याशा सुनेच्या आळसावरून भांडण चाललं होतं. संध्याकाळी मुकादम टोपल्या मोजून मजुरी मांडायला आला तेव्हा आईची टोपली काठोकाठ भरलेली. असे आठ दिवस. नवव्या दिवशी आईची कात्री पुन्हा चालू लागली आणि तिनं कोणाचे आभार मानले नाहीत. मानले असते तर त्या रागावल्या असत्या. या गोष्टीला नावसुद्धा नव्हतं. मग ती फॉर्मात कुठून येणार?

गेल्या वर्षी आईचाही फॉर्म तिनंच भरला, अनुक्रमांक एकतीस. चौदाव्यावर आई हसली होती. "छे गं, कोणाला वेळ आहे माझं रडगाणं ऐकायला?" आणि लेकीनं चौकोनात खूण केली. नियमाप्रमाणे. आता आई नाही, आजचा एकोणिसावा दिवस. आणि तिच्या आयुष्याविषयी कुठं काही लिहून ठेवलेलं असेल तर ते एवढंच, की तिला कोणी नव्हतं. लिहिणारी मी.

पाहणी चालवणाऱ्या डॉक्टरसाहेबांना तिनं टेबलावरच्या त्या हातांचं एकदा सांगितलं होतं. माणूस भला. दुसऱ्याचं बोलणं मान कलती करून ऐकणारा. "फार मोलाचं आहे हे," ते म्हणाले, "शेऱ्याच्या रकान्यात नक्की लिहा." शेऱ्याचा रकाना कॉम्प्युटरमध्ये भरला जात नाही, हे दोघांनाही माहीत होतं. मग जरा ओशाळून म्हणाले, "अकरा देशांत हेच प्रश्न विचारलेत हो. आपण एकट्यांनीच बदलले, तर तुलना कशी करायची?" आई गेल्यावर त्यांनीच रजा दिली, एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्या बाईही चांगल्या होत्या. तासभर ही बोलली, त्यांनी मन लावून ऐकलं, आणि बाहेर रस्त्यावर आल्यावर हिला वाटलं, आपण कोणा दुसऱ्याच बाईच्या आईबद्दल बोलून आलो.

शेवटच्या फॉर्मसाठी न थांबता अहवाल तयारही झाला होता. या बायकांना परस्परांचा आधार नाही. गर्दीत खांद्याला खांदा लावून बसतात, पण प्रत्येक जणी एकटी. उपाय: आठवड्यातून एक तास बोलण्याचा वर्ग, आणि जिला तिला स्वतंत्र, मोकळी जागा. मालकानं ही शिफारस दोन्ही हातांनी उचलली. पुढच्या महिन्यापासून हे लांब टेबल काढून भिंतीच्या कडेनं छोटी टेबलं, प्रत्येकीला एक. मुकादमालाही बरं, कोणाचं काम किती ते लांबून दिसेल. कोणाचा हात कोणापर्यंत पोचणार नाही. फक्त सगळी उत्तरं खरी आहेत म्हणून खाली तिची सही हवी होती, आज चार वाजेपर्यंत. नाही केली तर? तर दुसरी कोणी करेल, आणि हिची नोकरी जाईल, आणि टेबल जायचं ते जाईलच… की अडेल? निदान एकदा तरी अडेल? विचार करायचंही बळ नव्हतं. एकोणीस दिवस ती उठत होती, चालत होती, बसत होती, जणू कोणी दुसऱ्यानं भाड्यानं दिलेलं अंग वापरत होती.

"आणि तुला गं?" मावशीनं विचारलं. कोट संपला होता, हातात आता कोणाचा तरी झगा होता. "तुला आहे कोणी?"

"नाही," ती म्हणाली.

इतक्या पटकन म्हणाली की स्वतःच दचकली. तोच सूर, आईचा… मावशीनं नुसतं "हं" केलं. पलीकडे कोणीतरी गिरणीवाल्याला शिव्या घालत होतं. कात्र्या चालू होत्या. ती किती वेळ तशी बसली होती कोण जाणे; मग फॉर्मवरचं बटण टाकायला म्हणून तिनं आईची टोपली जवळ ओढली, आणि टोपली जड लागली.

टोपलीत बटणं होती. पांढरी, काळी, शिंपल्याची, पितळी, चांगली वीतभर. तिनं वर बघितलं. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. मावशीचा हात झग्यावरून सुटला, आईच्या टोपलीपाशी येऊन उघडला आणि परत गेला. उजवीकडची बाई शिव्या घालता घालताच तेच करत होती. मेलेल्या बाईची टोपली, मुकादम ती कोणाच्या नावावर घेणार? प्रश्नवालीला बटणांचा काय उपयोग? वेड्या कुठल्या…

घशाशी आलेले आभार तिनं गिळले. गिळताना ते दुखले, खूप दुखले, एकोणीस दिवसांत पहिल्यांदा तिचं स्वतःचं काहीतरी दुखलं. मी खोटं बोलले. आई, तूही खोटं बोललीस गं, आणि मी ते लिहून घेतलं. पिशवीत फोन वाजू लागला, साहेबांचाच असणार. चौदाव्याचा चौकोन अजून कोरा होता आणि पेन उघडं होतं. डावीकडून हात आला, गेला. तिनं पेन खाली ठेवलं आणि दोन्ही हात टेबलावर तसेच राहू दिले.