सिस्टम घेत नाहीं

जयतीर्थरावांनी तंजावूरच्या एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं नोकरी केली आणि तेवढ्या काळात स्वतःच्या तोंडाने कुणाला एकदाही नाही म्हटलं नाही. नाही म्हणण्याचं काम साहेबांचं. जयतीर्थराव फक्त तो नकार टाइप करायचे. ते निवृत्त झाल्यावर वर्षभराने कचेरीने जुने कॉम्प्युटर लिलावात काढले, तेव्हा त्यांनी नेमका आपल्याच टेबलावरचा उचलला आणि ऑटोत मांडीवर घेऊन घरी आणला. त्याच्या पाठीवरची नंबराची चिठ्ठीसुद्धा काढली नाही. रोज सकाळी दहाला ते त्याच्यापुढे जाऊन बसत. करायला मात्र काही नसे.

काम असोसिएशनने दिलं. राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांची ही असोसिएशन. पोंगलनंतर पुण्याहून पाहुणे येणार होते, आपण तीनशे वर्षं जपलेली मराठी बघायला, आणि त्यांना बारा मिनिटांची फिल्म दाखवायचं ठरलं होतं. जयतीर्थरावांकडे कॉम्प्युटर आहे म्हणजे त्यांना फिल्म करता येत असणार, असं कमिटीने धरून चाललं. जयतीर्थरावांनी सवयीप्रमाणे मान डोलावली. फिल्मचं नाव देवनागरीत काढून आणलं, ते अकरा जणांनी एकमताने मंजूर केलं. त्यांतल्या नऊ जणांना देवनागरी वाचता येत नव्हती, पण दिसायला सुरेख आहे यावर सगळ्यांचं एकमत होतं.

मग घराघरांतून पेनड्राइव्ह यायला लागले. प्रत्येकात एक पूर्वज, एक तलवार आणि इंग्रजीतलं एक भाषण. ती भाषणं ऐकली तर राजवाड्यात शिपाई, माळी, पाणक्या कुणी नव्हतेच, झाडून सगळे कारभारी होते. अध्यक्ष वरुणराव बँकेचे निवृत्त मॅनेजर. त्यांनी बावीस मिनिटांचा पूर्वज आणला. फिल्म बारा मिनिटांची आणि त्यांचा एकट्याचा पूर्वज बावीस मिनिटांचा, पण हे अध्यक्षांना सांगणार कोण? जयतीर्थरावांनी निमूटपणे फाइल उघडली. पडद्यावरचं चक्र गरगर फिरत राहिलं, पूर्वजाची थोरवी सांगणाऱ्याच्या तोंडाचा आ तसाच राहिला, आणि कॉम्प्युटर बंद पडला.

"सिस्टम घेत नाहीं," जयतीर्थराव घाबरून म्हणाले.

आयुष्यात कुणाचंही नाही न ऐकलेले वरुणराव पडद्याकडे बघत राहिले. मग चक्क हळहळले. "पावम! बिचारं सिस्टम तरी का करणार?" म्हणाले, आणि पेनड्राइव्ह खिशात घालून निघून गेले.

जयतीर्थरावांना त्या दिवशी दोन घास जास्त गेले. नाही म्हणणं इतकं गोड असतं हे त्यांना एकसष्टाव्या वर्षी कळलं. मग त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. या मामाची तलवार सिस्टम घेत नाही, त्या काकूंची मुलाखत सिस्टम घेत नाही. त्यांच्या स्वतःच्या आजोबांना मात्र सिस्टमने पूर्ण चार मिनिटं घेतलं. आजोबा हलके होते, नुसते फोटोच होते.

अशात एक दिवस राजम त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. राजम म्हणजे त्यांची बायको. तिने फोनवर आईला टिपलं होतं. तिची आई वसुमतीबाई तिरुवैयारुला राहत. चाळीस वर्षं या मंडळींच्या लग्नामुंजींचा स्वयंपाक त्यांनीच केला. असोसिएशनच्या प्रत्येक समारंभाचा फोटो आहे, आणि एकाही फोटोत त्या नाहीत, कारण फोटोच्या वेळी त्या चुलीपाशी असायच्या.

"चाळीसच सेकंद आहे हो," राजम म्हणाली. "आई अंबट भाजी घोटतीये आणि मला रागं भरतीये. तेवढंच."

जयतीर्थरावांनी ते बघितलंही नाही. "सिस्टम घेत नाहीं ग," ते म्हणाले. राजमचा चेहरा पडला. तो त्यांना दिसला आणि त्यांनी मान पुन्हा पडद्याकडे वळवली.

पुढच्या आठवड्यात चेन्नईहून भाचा आला, चेतन. मामा कचेरीतल्या डबड्यावर फिल्म करतोय हे ऐकून त्याला दया आली होती. येताना तो सामान घेऊनच आला. त्याने झाकण उघडून आतली धूळ झटकली, जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली, अरुंद डब्यात मावेल असं बुटकं ग्राफिक्स कार्ड खोचलं, आणि रॅमची जुनी पट्टी काढून तिच्या जागी दोन मोठ्या पट्ट्या दाबून बसवल्या. रॅम म्हणजे टेबल, त्याने मामाला समजावलं. टेबल लहान असलं की चार फाइली उघडल्यावर पाचवी खाली पडते. एकतीस वर्षं टेबलाशी काढलेल्या माणसाला हे लगेच पटलं. राजम दारात उभी राहून लक्षपूर्वक ऐकत होती.

"मामा, आता हा काहीही घेईल," चेतन म्हणाला आणि दुपारच्या गाडीने गेला.

खरंच घेत होता. बावीस मिनिटांचा पूर्वज कुठेही न अडखळता धावला. जयतीर्थरावांच्या पाचावर धारण बसली. रविवारी सकाळी कमिटी घरी येणार होती. खोटं बोलायचा प्रश्नच नव्हता. उभ्या नोकरीत त्यांनी एका कागदावर खोटं लिहिलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. सिस्टम घेत नाही असं म्हणायचं तर सिस्टमने खरोखरच घेता कामा नये. म्हणून त्यांनी स्वतः झाकण उघडलं, दोन्ही नव्या पट्ट्या काढल्या आणि जुनी जागच्या जागी बसवली. पूर्वज पुन्हा आ वासून थांबला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. पट्ट्या कागदाच्या कपट्यात गुंडाळून त्यांनी स्वयंपाकघरातल्या एका डब्यात खोल खुपसल्या. डबा उडदाचा होता. लग्नाला चौतीस वर्षं होऊनही, रविवारी कमिटीला वडे द्यायचे तर शनिवारी उडीद भिजत घालावे लागतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

रविवारी वरुणराव आले, सेक्रेटरी त्यागराज आले. वरुणरावांनी पूर्वज कापून अठरा मिनिटांवर आणला होता.

"अत्ता तरी घेईल कां?"

"बघा की तुम्हींच," म्हणत जयतीर्थरावांनी छाती काढून फाइल उघडली. चक्र फिरायला लागलं. तेवढ्यात राजम वडे आणि कॉफी घेऊन आली. अध्यक्षांपुढे दोन वडे ठेवले, सेक्रेटरींपुढे दोन वडे. नवऱ्यापुढच्या ताटलीत एक वडा होता आणि चटणीच्या शेजारी हिरव्या रंगाच्या दोन पट्ट्या.

"हे का आहे?" त्यागराजांनी पट्ट्यांकडे बोट दाखवून विचारलं.

"उडदांत होतं," राजम म्हणाली. "कोण ठेवलं ते हेच सांगतील. हे खोटं बोलत नाहींत."

जयतीर्थरावांना लाज वाटली, नुसती कमिटीची नव्हे. "मीच काढलों," ते म्हणाले. "हे घातलं की सिस्टम सगळं घेतं."

कुणी वड्याला हात लावेना. राजमने पदर खोचला. तिचा आवाज चढला नाही. "सिस्टम घेतं, हे आतां सगळ्यांला कळलं. माझ्या आईला नाहीं म्हणायचं असलं तर तुमच्या तोंडानं म्हणा. मी ऐकीन."

जयतीर्थरावांनी कॉम्प्युटर बंद केला, झाकण काढलं, पट्ट्यांवरची उडदाची पूड फुंकली आणि त्या बसवल्या. मग राजमचा फोन मागून घेतला. चाळीस सेकंद त्यांनी पहिल्यांदाच बघितले. धुरात उभ्या असलेल्या वसुमतीबाई पळी उगारून लेकीला बोलत होत्या, "फोटो मग काढ ग! आधीं पान मांड, मंडळी कधींची बसलीयेत, त्यांला वाढणार कोण, तुझा फोन?" इतक्या पेनड्राइव्हांनंतर एवढंच एक अखंड मराठी होतं. वरुणराव नकळत ताठ बसले. त्यांच्या लग्नात याच आवाजाने त्यांना पंगतीतून उठवून हात धुवायला लावलं होतं.

जयतीर्थरावांनी आजोबांची चार मिनिटं खोडली आणि सासूबाई त्या जागी ठेवल्या.

वरुणराव खाकरले. "सरी, बरं, चांगलं आहे. पण हे घेतलं तर माझे अठरा मिनिट बसतील कां? बसत नसतील तर सांगा, सिस्टम घेत नाहीं म्हणून. मला राग नाहीं येत."

पळवाट समोर आयती उघडली होती. जयतीर्थरावांनी राजमकडे पाहिलं. ती हातात रिकामा ट्रे धरून उभी होती.

"सिस्टम घेतं," जयतीर्थराव म्हणाले. "मी घेत नाहीं."