सोळा पौंड

सहा मिनिटं चोवीस सेकंद. वल्हवण्याच्या यंत्रावरच्या तळहाताएवढ्या पडद्यावरचा हा आकडा तेवढा तुम्ही पाहिलात, यंत्रावर बसलेला माणूस पाहिला नाहीत. दोन हजार मीटरला वेळ किती? वजन किती? फोनवर दोन प्रश्न, की संपला तुमचा शोध. घोडा घेणारासुद्धा त्याला एकदा पळताना बघतो हो!

इगी कोवाल्चिक हे मनातल्या मनात म्हणत होता आणि शाळेच्या बोटघरात, पोटात फक्त एक उकडलेलं अंडं असताना, यंत्राचा दांडा ओढून अंग तापवत होता. ‘तुम्ही’ म्हणजे उत्तरेकडच्या त्या जुन्या, दगडी, वेलींनी झाकलेल्या कॉलेजचे कोच. त्या कॉलेजचं नाव काढलं की मॅनायंकच्या, म्हणजे त्याच्या वस्तीच्या, उतारावरच्या बायका आवाज खाली आणतात. आमच्या जड गड्यांच्या बोटीत जागा नाही, असं ते म्हणाले होते — तिथे इंग्लंड-न्यूझीलंडची पोरं, ताडासारखी. पण हलक्या गड्यांच्या बोटीत आहे. तिथे एकशे साठ पौंडांच्या वर कुणाला बसू देत नाहीत. तू एकशे शहात्तर आहेस. सोळा पौंड उतरव, मी प्रवेशाच्या कचेरीत तुझं नाव देतो. सोमवारपर्यंत कळव... किती गोड आवाज! कोट जरा सैल होतोय, शिवून घे, असं शिंप्याने सांगावं तसा.

तीन आठवड्यांत सात पौंड गेले होते. दोन स्वेटर घालून टेकडी चढायची, रात्री पोटाला उशी दाबून झोपायचं. आणि ओहायोचं ते सरकारी कॉलेज? तिथली पोरं आपल्या बोटी आपणच सांधतात, तिथली कोच म्हणाली होती, आहेस तसा ये. चांगली बाई. पण त्याला उत्तरेचंच हवं होतं — खोटं कशाला बोलायचं — हवं होतं, दात दुखावा तसं हवं होतं, कारण त्या उतारावरून तिथे शिकायला कधी कुणी गेलं नव्हतं. बाप गेला होता एकदा, छपरावर पाटीचे दगड बसवायला, आणि खालून जाणाऱ्या कुणीही मान वर केली नव्हती.

“खा,” आई सकाळी ताटली पुढे सरकवत म्हणाली होती. बटाट्याच्या पिरोगी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, वर तुपकट कांदा.

“नंतर.”

“नंतर म्हणजे कधी, मेल्यावर? तुझा बाप न्याहारी केल्याशिवाय शिडीला हात लावत नाही. उपाशी माणूस छपरावरून खाली येतो.”

“मी बोटीत बसतो, आई.”

“मग बुडशील. छपरावरून काय, बोटीतून काय, पडणं ते पडणंच!”

नदीवर ऑक्टोबरचं पातळ धुकं होतं. शाळेच्या कोच लॅनिगननी चौघांच्या दोन बोटी शेजारी शेजारी लावल्या. आज जागेची शर्यत होती. आधी दोन्ही बोटी तीन मिनिटं जीव खाऊन पळवायच्या. मग नदीच्या मध्यावर बोटी एकमेकींना धरून थांबवायच्या, फक्त दोन माणसांची अदलाबदल करायची, आणि पुन्हा पळवायच्या. कुठली बोट जिंकते ते कुणी बघत नाही. कोण बसल्यावर बोट पळते, ते बघतात. आज इगीची अदलाबदल दुसऱ्या बोटीतल्या ग्रेडीशी होणार होती. ग्रेडीचा आकडा सहा अकरा. यंत्रावर त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

सुकाणूवर मारिसोल होती, एवढीशी, कर्कश. “ए सांगाड्या, पाय पट्ट्यांत घट्ट बांध. वाऱ्याने उडालास तर मी शोधायला येणार नाही!”

“तू बोटीला बांधलेली नाहीस ना? तुझंच बघ.”

पहिल्या खेपेला इगीची बोट अर्ध्या बोटीच्या लांबीने पुढे आली. थांबले. तो बोटीच्या काठावरून रांगत पलीकडे, ग्रेडी अलीकडे. आता अनोळखी तीन पाठी... पण अनोळखी कुठे, समोरची पाठ श्वास घेते तेव्हा जरा थांबायचं, केसाएवढं, मग चारही वल्ही एकाच वेळी पाण्याला चावतात — हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, ते त्याच्या मांड्यांना, पाठीला, त्या नको असलेल्या मांसाला ठाऊक होतं. मघा हरलेली बोट एका बोटीने जिंकली.

“मघाची अर्धी, आताची एक, दीड बोट, ग्रेडीबाळा!” मारिसोल ओरडली. “यंत्र पाण्यात टाक तुझं!”

ग्रेडी हसला, वल्ह्याने पाणी उडवलं आणि म्हणाला, “साल्या, हे तिघे माझ्याबरोबर मेल्यासारखे वल्हवत होते. तू काय दिलंस त्यांना?”

मला काय माहीत! इगीची छाती भरून आली. लॅनिगनची मोटारबोट जवळ आली. म्हाताऱ्याने घड्याळ खिशात टाकलं.

“मार्चमध्ये हेच तू अडीच बोटींनी जिंकला होतास,” तो म्हणाला. “याच ग्रेडीशी.”

बस, एवढंच. अडीचातून दीड. म्हणजे सात पौंडांना एक बोट... आणि अजून नऊ बाकी. म्हणजे तो जे कापून कापून त्यांच्या दारात नेऊन ठेवत होता ते मांस नव्हतंच, तो वेग होता. मी चोर, आणि चोरी माझ्याच घरात!

धक्क्यावर त्याने डबा उघडला — आईने न विचारता पिशवीत कोंबलेला — आणि गार पिरोगी उभ्याउभ्या खाल्ल्या, बोटं चाटत, कुणाकडे न बघता. ते कॉलेज अजूनही हवंच होतं, तेवढंच. पण त्यासाठी मान आता वाकत नव्हती. वाकवून बघितली तरी. तेलकट अंगठ्यानेच त्याने फोनवर उत्तरेच्या त्या कोचना लिहायला घेतलं.

“कोच, मी बसलो की बाकीचे तिघे जास्त चांगले वल्हवतात. कोच लॅनिगनना विचारा. वजन मी पुन्हा भरून काढणार आहे. तरीही सोळा पौंड नको असतील, तर ते माझ्यातले नेमके कुठले, एवढं लिहून कळवा. वाट बघतो.”