समोरच्या दारातलं पार्सल

गोदामाची राखण करण्यात माझा जन्म गेला. डोळ्यांत तेल घालून बसायचो. त्यामुळे समोरच्या बाईंचं पार्सल दाराबाहेर दिवसभर उघड्यावर पडलेलं दिसलं, की माझा जीव वरखाली व्हायचा.

"बाबा, इथे कोणी नेत नाही," मुलगा म्हणायचा.

"मग इथले राखणदार खातात काय, हवा?"

तो हसायचा आणि कामाला जायचा. त्याला हा देश मानवला. आमच्याकडे शिफारशीशिवाय पान हलत नव्हतं. पोराने ओळखी शोधत चपला झिजवल्या. इथे नुसता अर्ज केला आणि बोलावणं आलं. ना कोणाचा मामा, ना काका. बायको गेल्यावर त्याने मलाही आणलं. इथे दवाखान्यातसुद्धा कोणी रांगेत घुसत नाही. सगळं छान आहे. फक्त मला कुत्रं विचारत नाही. दिवसभर भिंतींशी किती भांडणार?

तिकडे कोणाचं सामान आलं आणि तो घरी नसला, की शेजारी आत घ्यायचे. बाहेर ठेवलं तर राहतंय थोडंच! मग ज्याचं त्याने न्यायला यायचं, आणि आलेला माणूस तासभर हलायचा नाही. आमची ही वैतागायची, पण चहाचं आधण तीच ठेवायची.

तर परवा मी समोरचं पार्सल उचलून आत आणलं. राखायला म्हणून, आणि खरं सांगायचं तर बाईंनी माझं दार वाजवावं म्हणून. 'तुमचं सामान माझ्याकडे आहे' एवढं त्यांच्या भाषेत घोकून ठेवलं. धुतलेला शर्ट घातला.

संध्याकाळी बाई आल्या. मी दारावरच्या भिंगातून बघत होतो. त्यांनी खाली पाहिलं, फोनवर काहीतरी दाबलं आणि आत जाऊन दार लावलं. माझ्या दाराकडे मान वळवली नाही. हाक मारायची तर माझी जीभच उचलेना. उद्या विचारतील, म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात तसंच दुसरं पार्सल येऊन पडलं.

त्याच संध्याकाळी मुलाला माझ्या खोलीतलं पार्सल दिसलं.

"बाबा, हे काय?"

"राखलंय."

"इथे याला चोरी म्हणतात." त्याचा चेहरा उतरला होता.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. तो स्वतः ते परत द्यायला गेला आणि लगेच परतला.

"रागावल्या का रे?"

"छे. कंपनीला कळवलं, त्यांनी काही न विचारता दुसरं पाठवलं. तुमच्यावर संशयसुद्धा आला नाही त्यांना." त्याचा जीव भांड्यात पडला होता.

"घ्यायचा होता की," मी म्हणालो. "संशय घ्यायला तरी माणूस दारापर्यंत येतं."

सकाळी लवकर निघायचं होतं त्याला, म्हणून झोपायला गेला.