हुरड्याच्या गाण्यातली हाक

महेश्वरीचं गाणं यूट्यूबवर आलं तेव्हा खोलीत ती एकटीच होती. तशी ती रोजच एकटी असायची, त्यात नवल ते काय. पण आयुष्यातलं पहिलं स्वतःचं गाणं येतं, तेव्हा पेढे मागायला निदान कुणीतरी दारात यावं की नाही? शेजारच्या पद्मशाली घरात तेलुगू मालिका रंगात आली होती. महेश्वरीने दार लोटून घेतलं, मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवून उभा केला आणि पदराने तोंड पुसून ती त्याच्यासमोर अशी बसली, की जणू पाहुणेच बघायला आलेत.

पंधरा-सोळा वर्षं ती दुसऱ्यांची गाणी गात आली होती. हळदी, बारशी, पुढाऱ्यांचे वाढदिवस, गणपतीतला ऑर्केस्ट्रा. गळा खणखणीत, पण नाव कुणाला माहीत नाही. आणि खरं सांगायचं तर हे गाणंही तिने नावासाठी गायलं नव्हतं. ते तिने एका मुलीसाठी गायलं होतं.

ती मुलगी म्हणजे सृष्टी, तिच्या पोटची पोर. महेश्वरीचं सासर अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीला खेटून. सून स्टेजवर गाते म्हटल्यावर सासरच्यांना मिरच्या झोंबल्या. भांडणं झाली, हात उगारले गेले, आणि चार दिवस माहेरी म्हणून सोलापूरला आलेली महेश्वरी परत गेलीच नाही. पोर तिकडेच राहिली, पुरती चार वर्षांचीही नव्हती. कोर्टकचेरी करायला ना माहेर खंबीर होतं, ना हिच्या अंगात बळ. एकदा धीर करून ती शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली, तर सासूने निरोप धाडला: पुन्हा सावली जरी दिसली तर पोरीचं नाव शाळेतून काढू आणि तिला उजवून मोकळं होऊ. सासू बोलली ते करणारी बाई. महेश्वरी पुन्हा तिकडे फिरकली नाही.

सृष्टीला घरात सांगून ठेवलं होतं, की तुझी आई पुण्यात दुसरं घर करून बसलीय, तिला तुझी आठवणसुद्धा नाही. हे महेश्वरीला कळलं ते मावसबहीण शिवानीकडून. शिवानी त्याच भागात दिलेली. कधीमधी एखाद्या लग्नातला फोटो पाठवायची, त्यात कुठंतरी कोपऱ्यात सृष्टी असायची. महेश्वरी तो कोपरा तेवढा मोठा करून बघत बसायची. दुसरं करणार काय बिचारी?

तर गाणं होतं ‘हुरड्याला ये’. खाली ढोलकी, वर कीबोर्ड, ठसक्याची चाल. गावरान पॉप म्हणतात ना, तसलं. पण दुसऱ्या कडव्यानंतर सगळी वाद्यं एकदम थांबायची आणि बांधावरून एक बाई हाक मारायची, “चिन्नी, ये गं.” बस्स, एवढंच. सृष्टी लहानपणी उंच ज्वारीत शिरून लपायची. दिसते कुठली! मग महेश्वरी बांधावर उभी राहून हीच हाक द्यायची आणि कुठंतरी धाटं हलायची. चिन्नी हे नाव तिनंच ठेवलेलं, घरात दुसरं कुणी ते घेत नव्हतं. गाणं गाजलं, पोरीच्या कानावर पडलं, तर तिला तिथंच कळेल की आई विसरलेली नाही, आणि तिसऱ्या कुणाला पत्ताही लागणार नाही. या एकाच आशेवर तिने हा सगळा घाट घातला होता.

रेकॉर्डिंग डीजे बसूकडे. स्टुडिओ म्हणजे मोबाइलच्या दुकानावरची खोली, भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. माणूस वाईट नव्हता, पण डोक्यात चोवीस तास धंदा. पोस्टरवर महेश्वरी हे नाव मावेना म्हणून त्याने परस्पर ‘माही’ करून टाकलं. तिने ते चालवून घेतलं. हाक आहे ना, मग नाव काही का असेना.

मोबाइलवर पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. वाद्यं थांबली. महेश्वरी पुढे वाकली. आणि त्या शांततेत एक घुमणारा पुरुषी आवाज आला: “डीजे बसू... सोलापूर!” त्याच्याखाली तिची हाक पार चिरडून गेली. तिने गाणं मागे नेऊन पुन्हा ऐकलं, मोबाइल कानाला लावून ऐकलं. ‘गं’ तेवढा शेवटचा उरला होता.

सकाळी उठल्या उठल्या ती बसूकडे गेली. त्याने तिला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि शांतपणे समजावलं, की गाणं बाहेर पडायच्या आधी प्रत्येक डीजे आपल्या नावाचा टॅग टाकतो. नाहीतर दुसरे डीजे गाणं उचलतात आणि आपलं म्हणून वाजवतात.

“अक्का, वाद्यावर टाकला तर तेवढा ठेका कापून दुसरा जोडत्यात. नुसत्या गळ्यावरचा कुणाला कापता येत न्हाय. म्हणून तितंच टाकला.”

“तितं माझी हाक होती, बसू.”

“हाक काय, प्रोग्रॅमला मारा की.”

एकदा चढवलेल्या गाण्यातला आवाज बदलता येत नाही, आणि काढून पुन्हा टाकावं तर आलेली गिऱ्हाइकं जातात, असंही तो म्हणाला. हाक कुणाला होती ते महेश्वरी त्याला सांगू शकली नाही. चहा तसाच ठेवून ती घरी आली आणि दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. खूप रडली. कुणी विचारायला नव्हतं, म्हणून मग आपणच थांबली.

आणि गाणं चाललं हो! सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यांवर वाजलं, हळदीत वाजलं, ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरांवर वाजलं. पण लोकांना त्यातलं आवडलं काय, तर तो टॅग. पोरीबाळी नाचता नाचता त्या शांत जागेवर थांबायच्या, कानाला हात लावायच्या आणि ओरडायच्या, “डीजे बसू, सोलापूर!” त्याच्या रीलांचा नुसता पूर आला. बसूचे पाय जमिनीवर ठरेनात. महेश्वरीला हसावं की रडावं कळेना.

तेवढ्यात अक्कलकोटच्या एका कॉलेजातून गॅदरिंगसाठी बोलावणं आलं. शिवानीने मागेच कळवलं होतं, की सृष्टी अकरावीला त्याच कॉलेजात जाते. बसू तारीख बघतो म्हणेपर्यंत महेश्वरी हो म्हणून बसली. पोस्टरवर नाव ‘माही’, त्यामुळे सासरी कळायची भीती नव्हती. अट एकच घातली: वाजवायच्या ट्रॅकवर टॅग नको. बसूने खळखळ न करता काढून दिला.

दुपारी मांडव गच्च भरला होता. महेश्वरी स्टेजवर आली आणि तिने आधी मुलींच्या बाजूला नजर फिरवली. फोटोत बघून बघून ती तिरकी मान तिला पाठ झाली होती, चटकन सापडली. पोरगी खुर्चीवर चढून उभी होती, दोन्ही बाजूंना मैत्रिणी. केवढी मोठी झाली होती! महेश्वरीचा आवाज पहिल्याच ओळीला चिरकला, पण ढोलकीने सांभाळून घेतलं.

दुसरं कडवं संपलं. वाद्यं थांबली. महेश्वरीने माइक ओठांशी नेला, सृष्टीकडे बघितलं आणि पोटातून हाक घातली, “चिन्नी...”

सगळा मांडव एका तोंडाने ओरडला, “डीजे बसू, सोलापूर!”

सृष्टीसुद्धा. कानाला हात लावून, अख्खं तोंड उघडून. महेश्वरीची हाक तिची तिलाही ऐकू आली नाही. गाणं संपल्यावर पोरांनी वन्स मोअर दिला. तिने पुन्हा गायलं, पुन्हा हाक मारली, आणि पोरं आधीपेक्षा जोरात ओरडली.

कार्यक्रम झाल्यावर मुलींचा घोळका सेल्फीसाठी आला. त्यात सृष्टी होती. ती शेजारी येऊन उभी राहिली, खांद्याला खांदा लागला, केसांना खोबरेल तेलाचा वास होता. महेश्वरीने विचारलं, “तुझं नाव काय गं?”

“सृष्टी.”

“आणि घरी लाडानं काय म्हणतात?”

पोरगी हसली. “काय न्हाय. सृष्टीच म्हणत्यात की.”

“लहानपणी? तेव्हा कुणी काही म्हणायचं?”

सृष्टीने जरा विचार केला. खरंच केला. मग मान हलवली. “आटवत न्हाय, मॅडम.”

म्हणजे टॅग पडला नसता, मांडव ओरडला नसता, हाक लख्ख ऐकू गेली असती, तरी पोरीने वळून पाहिलं नसतं. बसूवर एवढे दिवस राग धरला, तो उगाचच. मीच तुझी आई, हे महेश्वरीच्या अगदी जिभेवर आलं. पण भोवती मैत्रिणी होत्या, सगळ्यांच्या हातात मोबाइल होते. आज ही गोष्ट घरी कळली की उद्या पोरीचं कॉलेज बंद. तिने ते तसंच गिळलं.

सृष्टीने मोबाइल उंच धरला आणि दुसरा हात बिनधास्त तिच्या गळ्यात टाकला. “मॅडम, ते डीजे बसू म्हणा की एकदा माज्यासंगट. रील टाकते.”

महेश्वरीने कानाला हात लावला आणि ती म्हणाली, “डीजे बसू, सोलापूर.”

“अय्यो, हलला व्हिडिओ,” सृष्टी म्हणाली. “परत एकदा म्हणाल काय?”

“म्हणते की,” महेश्वरी म्हणाली. “तू सावकाश काढ. मी कितीबी वेळा म्हणते.”