भाताचा भूगोल

"वहिनी, आईच्या 'पोट भरलं'वर अजिबात विश्वास ठेवू नकोस. उपाशी राहून ढेकर देणारी बाई आहे ती," नणंदेने जाताना बजावलं होतं. सुनेने ते हसण्यावारी नेलं. वर्षभराच्या लेकीचं, ठमीचं खाणं, पडणं, धडपडणं बघायलाच तिला दोन डोळे पुरत नव्हते. त्यात धडधाकट सासूच्या ताटात कुठे डोकावत बसणार?

पण सासूबाईंचं घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरायला लागलं, तेव्हा ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. तपासण्या झाल्या. सगळं ठीक. "वजन मात्र असंच उतरत राहिलं तर अवघड आहे," डॉक्टर म्हणाले.

"त्याच त्याच भाताचा कंटाळा आलाय गं, दुसरं काही नाही," सासूबाई म्हणाल्या.

"कंटाळाच ना? बघतेच," म्हणून सुनेने कंबर कसली. स्पेनचा पाएला भात झाला, तळाशी मुद्दाम खरपूस धरू दिलेला. इराणचा कुरकुरीत बुडाचा भात झाला. चिनी पद्धतीची तांदळाची पातळ पेजही झाली.

"आज कुठला देश?" सासूबाई विचारत. "भाताचा भूगोल संपला की परीक्षा घेणार आहेस का माझी?"

"घेणार. आणि नापास झालात तर पुन्हा पहिल्यापासून!"

सासूबाई हसत ताट आपल्या खोलीत नेत आणि बातम्या बघत जेवत. पाएला जवळजवळ तसाच परत आला. पेज चाटूनपुसून संपली. म्हणजे चिनी आवडतंय, असा हिशेब करून तिने अंडं, गाजर, कोबी घालून फ्राइड राइस परतला. तोही परत!

वैतागून ती भांडी घासायला उभी राहिली आणि थबकली. सासूबाईंच्या ताटाशेजारी ठमीची ताटली होती. दोन्हींत अंडं तेवढं गायब. मोकळे दाणे आणि गाजराचे तुकडे कडेला सारलेले. ठमीला दाढा येत होत्या. आणि सासूबाईंची कवळी नवी होती.

ती ओल्या हातांनीच खोलीत गेली. "आई, कवळी काढा बघू."

"काहीतरीच काय! छान बसलीये. सगळ्यांसमोर सफरचंद खाऊन दाखवलं ना मी?"

"त्यानंतर एकदा तरी खाल्लंत?"

सासूबाईंनी मान फिरवली. "तू म्हणत होतीस, कवळी घरी न्यायची घाई नको, पुन्हा एकदा बसवून बघा. तुझी जिरवायला खाल्लं ते सफरचंद. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

"आहे त्याच. आ करा."

हिरडीवर लालभडक चट्टा होता, मधोमध जखम. तिने हात पुसले. "चला, दवाखाना उघडा असेल."

"उद्या जाऊ गं."

"आत्ता!" ठमीला कडेवर घेऊन तिने दुसऱ्या हाताने सासूबाईंच्या चपला पुढे सरकवल्या.

दातांच्या डॉक्टरांनी कवळीची टोचणारी कड घासली आणि हिरडी भरेपर्यंत ती घालायची नाही अशी तंबी दिली. त्या संध्याकाळी सुनेने मऊ, दुधाळ खीर शिजवली आणि आपलं ताट घेऊन सासूबाईंच्या खोलीतच मांडी ठोकली.

"पहारा का?" सासूबाई पुटपुटल्या.

"हो, पहाराच."

सासूबाईंनी दुसरी वाटी मागून घेतली.

तुमच्याही घरात कुणी आपलं ताट घेऊन खोलीत जात असेल. हे वाचणं बाजूला ठेवा आणि त्यांच्याजवळ जाऊन बसा. काय चावायचं टाळतायत, तेवढं बघून या.