दोन कागद, एक दार

"म्हणजे हाही कागद तुमच्याच नावाचा?" मालतीबाईंनी चष्मा वर सरकवून विचारलं.

"दोनूय तिच्याच नावाचे," पोलीस शिपाई गुरुदास म्हणाला. "म्हणान म्हटला, एकाच गाडयेन येवया. एक खेप वाचली."

कारापूरला शेवंतीच्या घराच्या सोप्यावर तिघं बसली होती. मालतीबाई तुरुंगातल्या बंद्यांची चौकशी करणाऱ्या परिवीक्षा अधिकारी. जन्मठेपेच्या कैद्याला चौदा वर्षांनी सोडायचं की नाही, हे शिक्षेचा फेरविचार करणाऱ्या मंडळापुढे जायच्या आधी दोन माणसांचं म्हणणं लिहून घ्यावं लागतं. कैद्याच्या घरच्यांना विचारायचं, त्याला घरात घ्याल का? आणि मेलेल्याच्या घरच्यांना विचारायचं, तो सुटला तर तुमची हरकत आहे का? एरवी ही दोन घरं एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. इथं मात्र दोन्ही प्रश्न शेवंतीच्या दाराशी आले होते, कारण तिच्या सख्ख्या भावानं, बाबलीनं, तिच्या नवऱ्याला, सगुणला, ठार मारलं होतं. सगुणच्या मागे तिच्याशिवाय कोणी नव्हतं. बाबलीची आणि तिची आईही गेली होती, माहेरची मोप्याची जमीन विमानतळात गेली होती आणि घराचं छप्पर बसलं होतं. दोघांचंही जे काही उरलं होतं, ते ही एक बाई.

"माका चार दिस होये," शेवंती म्हणाली.

"ह्यात चार दिस कित्याक, वयनी?" गुरुदास म्हणाला. "भावान केल्यान ता तुमच्यासाठीच मा? सगळो गाव जाणा. सही करा, गणपतीच्या चवथीक भाव घराक येतलो."

शेवंतीनं उजवा हात पदराखाली घेतला. तो कोपरात कायमचा वाकडा जुळला होता. गावात कोणालाही विचारा, तो हात सगुणनं मोडला, असंच सांगतील.

खरं सांगायचं तर सगुण काही देवमाणूस नव्हता. खाणीवरचा टिपर चालवायचा, शनिवारी घ्यायचा, आणि लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यानं एकदा तिला थोबाडीत मारली होती. तेव्हा बाबली मोप्याहून येऊन त्याला दम देऊन गेला होता. त्यानंतर सगुणनं हात उचलला नाही. हात मोडला तो विहिरीवर. पायरीवर शेवाळ चढलं होतं. 'घासून घे, पडशील,' असं सगुण चार दिवस कानीकपाळी ओरडत होता आणि शेवंती ऐकत नव्हती. पाचव्या दिवशी ती कळशीसकट घसरली. सगुणनंच तिला मोटरसायकलवर पुढ्यात बसवून साखळीच्या इस्पितळात नेलं, प्लास्टर घालून आणलं, आणि रात्री भातही स्वतः टाकला.

दुसऱ्या दिवशी बाबली फणस घेऊन आला. गळ्यात अडकवलेला हात बघून त्यानं विचारलं, "हाताक काय जालां गो?"

आपल्या हट्टानं आपण पडलो, हे थोरल्या भावाला सांगायची शेवंतीला लाज वाटली. "मागीर सांगतंय," ती म्हणाली, "आधी चाय ठेवतंय."

चहाला उकळी फुटायच्या आत सगळं आटोपलं होतं. सगुण मागल्या अंगणात नारळ सोलत होता. कोयता तिथंच होता.

पुढे वकील म्हणाला, नवरा मारझोड करायचा असं सांग, भावाची शिक्षा कमी होईल. तिनं सांगितलं. वाकडा हात वर करून भर कोर्टात सांगितलं. शिक्षा काही कमी झाली नाही, पण गोष्ट तेवढी राहिली. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, सगुणच्या वाट्याला मात्र उलटंच आलं. जिवंतपणी नव्हता इतका वाईट तो मेल्यावर झाला. 'बरा जाला मेलो ता,' असं बायका शेवंतीला तोंडावर सांगायच्या, तिला बरं वाटावं म्हणून.

आणि सगुण रोज घरी यायचा. तिन्हीसांजेला ती दिवा लावत असली की बाहेर दगडावर पाणी ओतल्याचा आवाज येई. कामावरून आल्यावर तो तिथं उभा राहून पायांवरची खाणीची लाल धूळ धुवायचा, तसाच. पाय धुवून झाले की पायरी चढल्याचा आवाज यायला हवा. तो कधी आला नाही. शेवंतीला भीती वाटत नव्हती. तो वर येत नाही, याची तिला लाज वाटायची. चौदा वर्षांत तिनं हे कोणालाच सांगितलं नाही. भुतं उतरवणाऱ्या देवळातल्या घाड्याला सांगितलं असतं तर त्यानं नारळ-कोंबडा घेऊन बंदोबस्त केला असता, आणि तिला तो नको होता.

मधल्या काळात बाबली दोनदा पॅरोलवर आला. आई जिवंत होती तोवर मोप्याला राहायचा, रोज पेडण्याला ठाण्यावर हजेरी देऊन यायचा. शेवंती भेटायला गेली की आधी तिच्या कोपराकडे बघायचा. "तुज्या हाताची भरपाय केलंय मिया," असं एकदा म्हणाला होता. त्या क्षणी शेवंतीला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

मागून घेतलेल्या चार दिवसांतल्या तिसऱ्या दिवशी ती म्हापशाला बस बदलून कोलवाळच्या तुरुंगात गेली. काचेपलीकडे बाबली येऊन बसला. केस पांढरे, पण पाठ ताठ. दोघांनी फोन कानाला लावले.

"कागद इलो?" त्यानं विचारलं.

"इलो. दादा, एक सांगूचा आसा." तिनं घरून निघतानाच शब्द लावून ठेवले होते, पण ते तसे आले नाहीत. "त्या वेळार तेंनी माका हात लावूक नाय. मी बावीच्या पायरीर घसरान पडलंय."

शेजारच्या काचेशी एक म्हातारी मुलाला औषधं घेतोस का विचारत होती.

"कोर्टात तू वेगळा सांगितलंस," शेवटी तो म्हणाला.

"वकील म्हणालो, तुजी शिक्षा कमी जातली."

"कोयतो बसान पडल्यावर सगुण माका विचारी होतो," बाबली म्हणाला. " 'बाबली, मिया काय केलंय रे?' तीनदा विचारल्यान. माका वाटला, मरतानाय नाटक करता."

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला, पुन्हा पहिल्याला लावला.

"लिवून दी," तो म्हणाला.

"ता लिवला तर तुका सोडूचे नाय."

"सुटान जातलंय खंय? त्येच्याच घराक मा?"

बाबली वेळेआधीच उठला आणि मागं न बघता आत गेला. बसमध्ये ती म्हापशापर्यंत रडली, मग बस बदलायची म्हणून थांबली.

चौथ्या दिवशी मालतीबाई आणि गुरुदास पुन्हा आले. तिनं आधी बायकोचा कागद घ्यायला सांगितला. मयतानं माझा हात मोडला नव्हता, मी विहिरीवर पडले, कोर्टात खोटं बोलले.

गुरुदासनं पेन खाली ठेवलं. "वयनी, खोटी साक्ष म्हणान तुमच्याच अंगार येतला. मेल्ल्या माणसाक आता त्येचा काय?"

"लिव रे बाबा तू."

"बहिणीसाठी केलं, ही एकच गोष्ट त्याच्या बाजूची होती," मालतीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मंडळ हे वाचणार."

"वाचूंदेत."

मग दुसरा कागद. भाऊ सुटला तर त्याला या घरात घेईन, जेवूखाऊ घालीन.

"दोन्ही लिहायचं?" मालतीबाईंनी विचारलं. "एकातलं दुसऱ्याला पाडतंय."

"एक माज्या घोवाचो, एक माज्या भावाचो. दोन कागद तुमीच हाडलात."

वाकड्या हातानं तिनं दोन्हीवर सह्या केल्या. त्या संध्याकाळी दगडावर पाणी वाजलं, तेव्हा ती दारात जाऊन म्हणाली, "सांगितलंय." पायरी वाजली नाही. दुसऱ्या दिवशीही पाणी वाजलं. कागदांनी असल्या गोष्टी मिटत असत्या तर काय हवं होतं.

चवथीआधी सुटलेल्यांची यादी आली. तिच्यात बाबलीचं नाव नव्हतं.

चवथ झाल्यावर शेवंती पुन्हा कोलवाळला गेली. तो भेटायलाच येणार नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं. पण तो आला. पाठीला जरा बाक आला होता. त्यानं फोन उचलला.

"तो कसो होतो गो?" त्यानं विचारलं.

"कोण?"

"सगुण. चौदा वर्सां रोज तेका बघतंय, पण माका तेची काय एक म्हायती नाय. तेका काय आवडा?"

चौदा वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. तिला सुरुवात कुठून करावी कळेना. मग ती म्हणाली, सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की ते दोन उंडे घ्यायचे. पाव चहात बुडवायचे आणि बोलत बसायचे. पाव तुटून चहात पडला की माझ्यावर रागवायचे, जसा काय मीच ढकललाय.

बाबलीच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "आनी?"

आणि पालीला घाबरायचे. एवढा मोठा टिपर हाकणारा माणूस, पाल दिसली की मला हाक मारायचे. आणि गाडी धुताना आरत्या म्हणायचे, चवथ असो नसो. आणि शब्द सगळे चुकीचे. ती बोलत गेली. घरात आपण इतकं सगळं साठवून ठेवलं होतं, हे तिलाच ठाऊक नव्हतं.

वीस मिनिटं संपली आणि नेहमीसारखी लाईन तुटली. शेवंतीला ते कळलंच नाही. ती काचेअलीकडे हातवारे करून सांगतच होती, सगुणनं मुळगावच्या जत्रेत तिच्यासाठी घेतलेल्या बांगड्यांचं, आणि घरी येईपर्यंत त्यातल्या दोन कशा फुटल्या त्याचं. शिपाई येऊन बाबलीच्या मागे उभा राहिला. बाबली आवाज गेलेला फोन कानाला धरून तिच्या ओठांकडे बघत होता, आणि मधून मधून मान हलवत होता.